यंत्राने पाजवलेली सुरी चार दिवसांत पुन्हा बोथट होते? आधी हे तपासा

धार लावायच्या विजेच्या यंत्रातून काढलेली सुरी पहिल्या दिवशी पिकलेल्या टोमॅटोतून स्वतःच्या वजनाने खाली उतरते. चौथ्या दिवशी तीच सुरी सालीवरून घसरते आणि जोर लावला की बिया ओट्यावर. मग पुन्हा यंत्र काढायचं, पुन्हा पहिल्या खाचेपासून सुरुवात, पुन्हा दोन दिवस मजा. असं वर्षभर चाललं की पातं अरुंद होत जातं आणि घरात निकाल लागतो: यंत्रच भिकार निघालं.

भिकार यंत्रंही असतात, त्यांचं पुढे बोलू. पण धार इतक्या झटकन उतरत असेल तर बहुतेक वेळा ती नीट लागलेलीच नसते. पहिल्या दिवशी टोमॅटो कापला तो बरने, म्हणजे कडेला चिकटून राहिलेल्या धातूच्या पातळ पापुद्र्याने.

बर कसा ओळखायचा

पोलाद एका बाजूने घासलं की कडेवरचा सगळा धातू सुटून पडत नाही. थोडा पातळ होऊन दुसऱ्या बाजूला वळतो आणि तिथेच चिकटून राहतो. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्याला हे सांगायला नको. ड्रिल मारलेल्या भोकाच्या कडेला बोटाला जे खरखरीत लागतं, तोच बर. सुरीवरचा बर त्याहून फार बारीक, सहज न दिसणारा. ताजा असताना तो जवळपास सरळ उभा असतो आणि कागद सर्रकन कापतो, म्हणून फसायला होतं. दोन गाजरं आणि एक कोबी झाला की तो एका अंगाला झोपतो किंवा तुटून जातो. खाली उरते ती ओबडधोबड कड, आणि आपण म्हणतो धार गेली.

ओळखण्याची सोपी रीत कापसाची. कापसाचा छोटा बोळा पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर असा हलका न्यायचा, दोन्ही बाजूंनी, टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीजवळच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतात तिथे बर आहे किंवा कड तुटलेली आहे. बोटानेही कळतं, पण बोट पाठीकडून धारेच्या बाहेर न्यायचं, धारेच्या लांबीला धरून कधीच नाही. सवय नसेल तर कापूसच बरा. एका बाजूने बोळा गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या बाजूने अडकतो, अशी अवस्था असेल तर निदान पक्कं.

आता उपाय. इथेच बहुतेक जण उलटं करतात. सुरी चालेना झाली की पहिल्या, म्हणजे सर्वांत खरखरीत खाचेत घालतात. त्याने जुना बर जातो आणि त्याहून मोठा नवा बर तयार होतो. बर घालवायचा तो शेवटच्या, सर्वांत बारीक खाचेत. तिथे डावी-उजवी, डावी-उजवी असं एकेकदाच ओढायचं, आणि दर फेरीला हात आणखी हलका करत न्यायचा. शेवटच्या दोन-तीन ओढी तर पात्याच्या वजनाइतक्याच हलक्या हव्यात. एकाच बाजूने पाच वेळा आणि मग दुसऱ्या बाजूने पाच वेळा ओढलं तर बर नुसता इकडून तिकडे वळत राहतो.

त्यानंतरही कापूस अडकत असेल तर चामड्याचा जुना पट्टा घ्या, त्याची आतली, रंग न दिलेली बाजू वर करा आणि पातं त्यावर पाठ पुढे, धार मागे ठेवून ओढा. धार पुढे ठेवलीत तर पट्टा कापला जाईल. पट्टा नसेल तर वर्तमानपत्राची जाड घडी लाकडी पाटावर ठेवून तेच करता येतं. न्हाव्याच्या दुकानात वस्तरा पट्ट्यावर फिरवायचे तो प्रकार हाच. दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा पुरतं.

एक खुलासा हवा. बर वाईट म्हणून पहिल्या खाचेत तो येऊच नये, असं नाही. खरोखर बोथट सुरी पहिल्या खाचेत घासताना समोरच्या बाजूला टाचेपासून टोकापर्यंत सलग बर जाणवला, तरच घासणं धारेच्या अगदी कडेपर्यंत पोचलं असं समजायचं. बर आला की ती बाजू थांबवायची. मधेच कुठे जाणवत नसेल तर तिथे सुरी बोथटच राहिली आहे आणि पुढच्या बारीक खाचांनी तिथे काही होणार नाही.

बर नाही, तरी सुरी चालत नाही

मग कोनाकडे वळा. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांना पूर्वापार दर बाजूला सुमारे २० अंशांची धार असते, जपानी पद्धतीच्या सुऱ्यांना १५ किंवा त्याहून कमी. यंत्राच्या खोक्यावर लिहिलेला आकडा एका बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा मिळून, हे आधी पाहून घ्या. ३० अंश वाचून दचकू नका, ते बऱ्याचदा १५ अधिक १५ असतात.

जुळणी तपासायला पक्क्या शाईचा मार्कर लागतो. धारेलगतची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी काळी करा, बारीक खाचेतून एकेकदा ओढा आणि खिडकीजवळ नेऊन बघा. शाई फक्त वरच्या अंगाला पुसली गेली आणि अगदी कडेला तशीच राहिली, तर यंत्राचा कोन सुरीच्या कोनापेक्षा लहान आहे. म्हणजे खाचेतली फिरणारी चकती सुरीच्या खांद्याला, धारेचा उतार जिथे सुरू होतो तिथे, घासते आहे, धारेला शिवतही नाही. अशा सुरीला पहिल्या खाचेत एकदाच बराच वेळ द्यावा लागतो, कडेची शाई जाईपर्यंत आणि बर येईपर्यंत. पुढच्या खेपेला एवढं करावं लागत नाही. उलट शाई फक्त कडेची गेली तर यंत्राचा कोन मोठा आहे. धार लागेल, टिकेलही, फक्त आधीइतकी नाजूक कापणार नाही. त्यात बिघडलेलं काही नाही.

पण २० अंशांची सुरी १५ ची करावी का? इथे पोलाद बोलतं. जर्मन सुऱ्यांत नेहमी आढळणारं एक्स५०सीआरएमओव्ही१५ हे पोलाद साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचं असतं, आणि त्याची कठीणता रॉकवेल मापावर ५६ ते ५८ च्या आसपास येते. व्हीजी-१० सारख्या जपानी पोलादात कार्बन सुमारे १ टक्का आणि कठीणता ६० च्या पुढे. कठीण पोलाद पातळ कोनातही उभं राहतं. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात मिळणारी प्लॅस्टिकच्या मुठीची स्टेनलेस सुरी या दोन्हींपेक्षा नरम. तिला १५ अंशांवर आणलं की धार अप्रतिम लागते आणि दुधी भोपळ्याच्या देठाला लागली की वळते. अशा सुरीला २० च बरे. खरं सांगायचं तर त्या बारक्या सुरीसाठी यंत्र घेऊच नये. चिनी मातीच्या कपाला खाली जे न चकाकणारं, खडबडीत कडं असतं, त्यावर चार वेळा घासली तरी तिचं काम भागतं.

आता ओट्याकडे बघा

यंत्र निर्दोष, कोन बरोबर, बर काढलेला, तरीही धार आठवडाभरात जाते. अशा घरात मी पहिल्यांदा विचारते, कापता कशावर? उत्तर बहुधा दोनांपैकी एक: ताटात, नाहीतर थेट ओट्यावर.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतो आणि क्वार्ट्झ सुरीच्या पोलादापेक्षा कठीण. प्रत्येक काप संपताना धार त्यावर आपटते. स्टीलच्या ताटात धातूवर धातू. काचेचे 'चॉपिंग बोर्ड' दिसायला छान, पण सुरीसाठी शिक्षाच. लाकडाची किंवा साध्या जाड प्लॅस्टिकची फळी घ्या, ती घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवा. एवढ्या एका बदलाने यंत्र काढण्याची पाळी कितीतरी उशिरा येते.

दुसरी गोष्ट माती. सुऱ्यांची धार किती टिकते हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ८४४२-५ मध्ये दिली आहे. त्यात यंत्र सुरीने पुन्हा पुन्हा कागदी पुठ्ठा कापतं, आणि सुरी लवकर झिजावी म्हणून त्या पुठ्ठ्यात मुद्दाम सिलिका मिसळलेली असते. सिलिका म्हणजे वाळूतलाच क्वार्ट्झ. आपण न धुतलेला सुरण, अळकुड्या, रताळी, मुळे कापतो तेव्हा घरच्या घरी तीच परीक्षा घेत असतो. आधी भरपूर पाण्यात धुवा, खाचांमधली माती ब्रशने काढा, मग सुरी लावा.

बाकीचं थोडक्यात. चिरलेली भाजी फळीवरून खरवडून पातेल्यात ढकलायची ती धारेने नाही, पाठीने. तारेच्या घासणीने धार घासू नका. चमच्यांच्या खणात सुरी मोकळी टाकू नका. गोठलेलं चिकन, सुरमईच्या मणक्याचं हाड, नारळ यांना पातळ धारेची सुरी नकोच, त्यासाठी कोयता किंवा जाड सुरा वेगळा ठेवा.

यंत्रात ओढताना होणाऱ्या चुका

आधी यंत्र चालू, मग सुरी आत. बंद चकतीवर पातं ठेवून बटण दाबलं की तिथे धारेला खाच पडते. पातं टाचेपासून आत घालायचं आणि एकसारख्या वेगाने स्वतःकडे ओढायचं. २० सेंटिमीटरच्या पात्याला एका ओढीला चार-पाच सेकंद लागावेत. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा वेग दिला असेल तर तो पाळा. मधे थांबायचं नाही. थांबलं की तिथे खड्डा.

दाबायचं तर अजिबात नाही. दाबल्याने जास्त धातू निघतो, पण धार चांगली लागत नाही. वर उष्णता वाढते. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच सुऱ्यांचं पोलाद घडवताना दोनेकशे अंश सेल्सियसच्या आसपास मुरवून घेतलेलं असतं. धारेची पातळ कड त्याहून बरीच जास्त तापली की नरम पडते. कडेवर पिवळट किंवा निळसर झाक दिसली तर तेवढा भाग गेला, तो पूर्ण घासून निघेपर्यंत तिथे धार टिकणार नाही. घरगुती यंत्रात हलक्या हाताने हे सहसा होत नाही. सायकलला दगडी चाक जोडून गल्लीत धार लावायला येणाऱ्यांकडे सुरी देत असाल तर ठिणग्यांचा पाऊस पडण्याआधी थांबायला सांगा. त्यांचा हात अनेकदा उत्तम असतो, पण चाक खरखरीत असतं आणि बर काढायची बारीक पायरी राहून जाते. ती घरी पट्ट्यावर करून घ्या.

टोक गोल होत चाललं असेल तर तुम्ही पातं खाचेतून पूर्ण बाहेर काढताना टोक चकतीवर रेंगाळतं आहे. शेवटच्या सेंटिमीटरला मूठ किंचित उचला, म्हणजे पात्याची वळलेली कड चकतीला सरळ भेटेल, आणि टोक चकतीवर पोचताच, न रेंगाळता पातं उचलून ओढ संपवा.

टाचेची तक्रार वेगळी. काही जर्मन घडणीच्या सुऱ्यांना मुठीजवळ जाड धातूचा ठोकळा अगदी धारेपर्यंत उतरलेला असतो. तो खाचेत अडतो, त्यामुळे शेवटचा सेंटिमीटरभर भाग चकतीपर्यंत पोचतच नाही. काही वर्षांत बाकीची धार झिजून वर सरकते आणि ठोकळा खाली लोंबतो. मग कोथिंबीर बारीक चिरताना फळीला आधी ठोकळा टेकतो, धार टेकतच नाही, आणि काड्या न तुटता एकमेकींना लटकून राहतात. यंत्राने हे सुटत नाही. ठोकळा ग्राइंडरवर घासून वर घ्यावा लागतो, आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. नवी सुरी घेताना असा पूर्ण उतरलेला ठोकळा टाळलेला बरा.

धार आहे, पण गाजर फाटतं

ही तक्रार कमी जण नीट सांगतात. टोमॅटो, कांदा झकास कापला जातो, पण गाजर किंवा बीट अर्ध्यात 'टक्' करून तडकतं. इथे धार दोषी नाही. पातं धारेकडून पाठीकडे जाड होत जातं, आणि यंत्र दर खेपेला फक्त कडेचा धातू घेतं. अनेक वर्षांनी धार पात्याच्या जाड भागात येऊन पोचते, म्हणून कडक भाजीत सुरी पाचरीसारखी शिरते. कितीही पाजवा, फरक पडणार नाही. पातं धारेच्या वर, अंगालाच पातळ करावं लागतं, आणि ते पाण्यात भिजवलेल्या सपाट दगडावर हाताने, सावकाश होतं. म्हणूनच पहिली खाच जपून वापरा म्हणते. रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात तिची गरज वर्षातून दोन-तीनदा पडावी. एरवी सुरी जरा मंदावली की आधी स्टीलच्या लांब रॉडवर दोन्ही बाजूंनी चार-चार हात, तेवढ्याने भागलं नाही तर शेवटची खाच. कठीण जपानी सुरीला खाचा पाडलेला स्टीलचा रॉड लावू नका, कड कपच्यांनी उडते. तिला गुळगुळीत सिरॅमिक रॉड चालतो.

अमेरिकेहून आणलेलं यंत्र

मुलगा किंवा पुतण्या तिकडून बॅगेत घालून आणतो तेव्हा हा भाग वाचावा. यंत्राच्या तळाशी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये नुसती पिन बदलून लावायचं नाही. मोटर जळेल, तीही बहुधा पहिल्याच दिवशी. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, यंत्रावर लिहिलेल्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा. तरी एक फरक उरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी एसी इंडक्शन मोटर साधारण सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते. हळू फिरण्याने धारेचं काही बिघडत नाही, तापण्याने यंत्राचं बिघडतं. एक सुरी, मग विश्रांती. तळाशी १०० ते २४० व्होल्टचा अॅडॅप्टर लिहिला असेल तर यातलं काहीच लागू नाही, फक्त पिन बदला.

नवं घेताना

मी तीन गोष्टी बघते. पहिली, कोन स्पष्ट लिहिला आहे का. नसेल तर खाली ठेवा. दुसरी, शेवटची खाच खरोखर बारीक आहे का, की फक्त खरखरीत चाक आणि वर मोठा दिवा. एकाच टप्प्याचं यंत्र घरी बर घेऊन येतं. तिसरी, भार पडल्यावर मोटर टिकते का. यूएसबीवर चार्ज होणारी छोटी यंत्रं पातं टेकताच मंदावतात आणि मग माणूस आपोआप दाबायला लागतो.

घर्षणाला हिऱ्याची पूड बसवलेली चकती सर्वांत उपयोगी, ती कठीण पोलादालाही पुरते. लवचिक पट्ट्यावर चालणारी यंत्रंही मिळतात. त्यांची धार किंचित फुगीर येते, मजबूत असते, आणि जाड सुऱ्यांना ती यंत्रं जास्त सोयीची. पट्टे मात्र झिजतात, ते इथे मिळतात का हे आधी विचारा. आणि जाताना आपली सर्वांत जाड सुरी सोबत न्या. खाचेत ती शिरत नसेल तर खोक्यावरचं बाकी वाचायची गरज नाही.

विळी कुठल्याच यंत्रात जात नाही. तिला उभं ठेवून निसण्याचा, म्हणजे धार लावायच्या दगडाचा, तुकडा हातात धरून पात्यावर फिरवायचा, पायाने पाट दाबून, आणि शेवटी उलट बाजूने एक-दोन हलके हात. बऱ्याच जुन्या विळ्या साध्या कार्बन पोलादाच्या, त्यामुळे धार पटकन लागते, पण चिंच-लिंबू कापून तशीच ठेवली तर गंज त्याहून पटकन लागतो. कोयता कानशीने. एकाच बाजूने धार असलेली जपानी माशांची सुरी दोन बाजूंच्या यंत्रात घातलीत तर तिची घडणच बदलेल. ब्रेडच्या दातेरी सुरीला पुस्तिकेत परवानगी असेल तरच, आणि तीही फक्त शेवटच्या खाचेत. सिरॅमिकच्या सुरीला यंत्रावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

पात्याच्या दोन्ही अंगांवर ओरखडे उठत असतील तर खाचेच्या आत धातूची पूड साठली आहे. प्लग काढा, यंत्र उलटं करून झटका, कोरड्या ब्रशने साफ करा, पाणी घालू नका. हीच पूड ओट्यावरही पडते, म्हणून यंत्र पोळ्या लाटायच्या जागेपासून लांब, वर्तमानपत्रावर ठेवून चालवा. आणि धार लावल्यावर सुरी धुऊन, धार बाहेरच्या बाजूला ठेवत पुसून घ्या. पुसलेलं फडकं लगेच धुवायला टाका, पोळ्यांच्या डब्यात नको.